खांबाचा प्रवेश

ताईला रंगमंचावर पाऊल टाकायची हौस कधीच नव्हती. तिची जागा डाव्या विंगेत, एका उंच स्टुलावर. मांडीवर नाटकाची संहिता आणि खांद्याशी वाकवून बसवलेला छोटा दिवा. अकरा वर्षं ती मंडळाची प्रॉम्प्टर होती. नट अडला की त्याला पुढचे दोन शब्द पुरवायचे, तेही असे की पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागू नये. काम दिसायला सोपं. पण नट विसरून थांबलाय की मुद्दाम थांबलाय, हे कळायला त्याच्या श्वासाकडे कान लागतो. ताईचा कान तसा होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'आता बरं दिसतंय, की मघाचं बरं होतं?' असं विचारणाऱ्या बाईच्या अंगी तेवढा धीर आपोआप येतो.

मंडळ लहानसं होतं. जुन्या लाकडाच्या वखारीचं सभागृह केलेलं, एकीशी दुसरी न जुळणाऱ्या दीडशे खुर्च्या, दोरीनं ओढायचा आणि हटकून मध्येच अडकणारा पडदा. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. विनोदी कामं बेकरीवाल्याकडे जायची, कारण तो नुसता येऊन उभा राहिला तरी लोक हसायला लागत. आणि नाटकं लिहायचा, बसवायचा, मधूनच त्यांत कामही करायचा तो मास्तर, म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. शाळेत गणित शिकवायचा म्हणून मास्तर.

दोघांमध्ये दहा वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा तो चौदाचा होता आणि ती चोवीसची. तिनं दुकान हातात घेतलं. वर्षभरात आईनं अंथरूण धरलं, तेही तिनंच निभावलं. भावाला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, आईचं शेवटपर्यंत केलं. आता घराच्या खालच्या मजल्यावर ती एकटी राहायची आणि वरच्या मजल्यावर मास्तर आणि त्याची बायको. भावजयीचं केस कापायचं दुकान होतं. तिची जीभ तिच्या कात्रीइतकीच चालायची. पण दोघींचं वाकडं म्हणावं असं काही नव्हतं. जिना एकच होता, येता-जाता दोन शब्द व्हायचे.

त्या वर्षी मास्तरनं नवं नाटक लिहिलं, 'टोकन नंबर एकोणचाळीस'. आजकालच्या पोरांची प्रेमकहाणी. लग्नाच्या नोंदणी कचेरीत एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही भलत्याच कुणाशी तरी लग्न नोंदवायला येतात, दोघांच्या हाती चुकून एकाच नंबरचं टोकन पडतं आणि खिडकी उघडायची वाट बघता बघता दोघं एकमेकांच्याच प्रेमात पडतात. वाचनाच्या दिवशी सगळे खुर्च्या गोल मांडून बसले. मास्तर स्वतः वाचत होता आणि फार छान वाचत होता. पहिले दोन प्रवेश संपेपर्यंत बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ताईही हसली. आपल्या भावाच्या हातात कला आहे, असं तिला दर नाटकाच्या वेळी वाटायचं तसं तेव्हाही वाटलं.

तिसऱ्या प्रवेशात नायिकेचं घर होतं. घरात बिनलग्नाची थोरली बहीण, सगळ्यांवर हुकूम चालवणारी. तिला पूर्वी एक स्थळ आलेलं असतं, ती हकिकत नायिकेचा भाऊ सांगतो आणि ती रंगमंचावर घडताना दिसते. हातात फुलं घेऊन एक लठ्ठ, लाजरा गृहस्थ येतो. भाऊ त्याला बसवतो आणि बहिणीच्या नकळत त्याला पद्धतशीर पिटाळून लावतो. मागे ती बहीण कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत हिंडत असते. भाऊ म्हणतो, 'साहेब, आमच्या घराला एकच खांब आहे. तो काढून तुम्ही तुमचं घर बांधणार?' तो गृहस्थ फुलं तशीच टेबलावर ठेवून उठतो आणि म्हणतो, 'दुसऱ्याच्या घराचा एकुलता एक खांब काढून मी माझं घर बांधू शकत नाही.'

सगळे पोट धरधरून हसले. डॉक्टरांनी टाळी दिली.

ताईच्या हातातली पेन्सिल कागदावर होती तिथेच राहिली. ते वाक्य तिनं आधी वाचलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, एका पत्रात. पत्र तिच्या नावानं दुकानावर आलं होतं. तिनं ते काउंटरच्या आड उभं राहून वाचलं, मागच्या मोरीत नेऊन त्याचे तुकडे केले आणि पाणी सोडलं. आईला तिनं एवढंच सांगितलं की, नाही म्हणून निरोप आलाय. भावालाही तेच सांगितलं. पत्रातला शब्द न् शब्द तिच्या एकटीच्या डोक्यात होता. तिथून तो कुणाच्या संहितेत जाणं शक्य नव्हतं.

ज्याचं ते पत्र, तो पुलांच्या खात्यात होता. नदीवर नवा पूल होत होता, त्यासाठी दोन वर्षं गावात राहायला आला होता. घरात त्याला सगळे पूलवाले साहेब म्हणत. चष्म्याची दांडी मोडली म्हणून तो दुकानात आला, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोडली म्हणून आला, आणि तिसऱ्यांदा दांडी धडधाकट असताना आला. बदली होऊन लांब जायचं होतं, तिला घेऊन जायचं म्हणत होता. आईलाही तिकडेच नेऊ, नव्या जागी खालच्या मजल्याचं घर मिळतं, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं होतं. लग्नाला अकरा दिवस उरले असताना ते पत्र आलं. त्यानंतर ताईनं बावीस वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडली. धीर सुटला म्हणून पळाला आणि पळताना वर मोठेपणाचं वाक्य टाकून गेला, असंच ती समजत आली. त्या एका माणसाच्या रागापायी तिनं पुढची दोन स्थळं बघायचंही नाकारलं.

आणि आता कळत होतं की वाक्य त्याचं नव्हतंच. कुणीतरी ते आधी त्याच्या कानात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ती जिना चढून वर गेली. मास्तर वह्या तपासत बसला होता. भावजय टॉवेलांच्या घड्या घालत होती. ताईनं बसायचं नाकारलं. तिसरा प्रवेश कुठून आला, एवढंच तिनं विचारलं.

मास्तर आधी हसला. डोक्यातून आला म्हणाला. मग, लेखक माणूस, इकडचं तिकडचं गोळा करतो, म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं लाल पेन्सिल खाली ठेवली.

"तू त्याला भेटायला गेला होतास," ताई म्हणाली.

"ताई, मी एकोणीस वर्षांचा होतो."

"वय मला माहीत आहे. काय सांगितलंस ते विचारतेय."

त्यानं सांगितलं. पुलाच्या कामावर जाऊन त्यानं साहेबाला गाठलं होतं. ताईला लग्न नकोय, पण शब्द दिलाय म्हणून तिला बोलता येत नाही. आईला सोडून जायच्या नाहीतर आईला हलवायच्या कल्पनेनं ती रोज उशीत तोंड खुपसून रडते. आमच्या घराचा हा एकुलता एक खांब आहे, तो काढून तुम्ही तुमचं घर बांधू नका. तुम्ही माणुसकी दाखवली तर तिची सुटका होईल. आणि मी हे बोललो म्हणून तिला कळू देऊ नका. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बरं केलंस सांगितलंस.

"मी एक दिवस तरी रडले होते?" ताईनं विचारलं.

भावजयीनं घडी घातलेला टॉवेल उगाचच उलगडला आणि म्हणाली, की ताई, आता एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसायचं, पोरवयात माणूस घाबरतो. तुम्ही गेला असता तर ह्यांचं शिक्षण कुणी केलं असतं? बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून निघून गेलं, की मला तर ह्यांनी लग्नाच्या वर्षीच सगळं सांगितलं होतं.

म्हणजे पंधरा वर्षं. रोज जिन्यावर दोन शब्द बोलणाऱ्या ह्या बाईला पंधरा वर्षं माहीत होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते ताईला त्या क्षणी कळलं. पण तिचा आवाज चढला नाही. तिनं एवढंच सांगितलं की तो प्रवेश नाटकातून काढायचा.

मास्तर उठून उभा राहिला. प्रवेश काढला तर नाटकात उरतं काय, म्हणाला. लोक त्याच प्रवेशाला हसतात. आणि त्यानं उलट तिलाच समजावायला घेतलं, की हे एक प्रकारे मन मोकळं करणं आहे, इतकी वर्षं छातीवर होतं ते हसण्यावारी नेलं. ताई त्याच्याकडे नुसती बघत राहिली, तेव्हा तो चिडला आणि जे बोलायला नको होतं ते बोलला.

"खरं सांग, तुला तरी जायचं होतं का? जायचं असतं तर तू एक पत्र उलट लिहिलं असतंस. एकदा तरी विचारलं असतंस. तुला इथेच राहायचं होतं ताई, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर."

ताई जिना उतरून खाली आली. त्या दिवसापासून दोन्ही मजल्यांत अबोला सुरू झाला.

तिनं डॉक्टरांकडे जाऊन सांगून पाहिलं. दवाखान्यात एक पेशंट तोंडात कापूस धरून बसला होता, त्याच्यादेखत सगळं उघडं करणं तिच्या जिवावर आलं. प्रवेश आमच्या घरातला आहे, मला तो नको आहे, इतकंच ती बोलली. डॉक्टरांनी कमिटी बसवली. कमिटीत तिला कळलं की मास्तर आधीच सगळ्यांना भेटून गेलाय. ताईला हल्ली सगळ्यात स्वतःचीच थट्टा दिसते, वय झालं की होतं असं, असं त्यानं हळहळत सांगितलं होतं. सगळे तिच्याशी गोड, समजुतीच्या आवाजात बोलत होते, आजाऱ्याशी बोलावं तसं. नायिकेचं काम करणाऱ्या नर्सनं तर तिच्या हातावर थोपटलं. बेकरीवाल्याला वाटत होतं की त्या लाजऱ्या गृहस्थाचं, त्याला मिळालेलं इतक्या वर्षांतलं सर्वांत चांगलं काम ताई त्याच्या हातातून काढून घेतेय. त्यानं मान वळवली. प्रवेश राहील, असं ठरलं.

ताई मंडळ सोडेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. मास्तरनं तर नवा प्रॉम्प्टर हेरूनही ठेवला होता. पण दुसऱ्या दिवशी सात वाजता ती नेहमीच्या स्टुलावर येऊन बसली, दिवा लावला आणि संहिता उघडली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आपण उठून गेलो तर ही माणसं आपल्या माघारी रोज तेच हसतील, आणि बसलो तर निदान आपल्यासमोर हसावं लागेल, एवढंच तिच्या मनात होतं.

तालमी म्हणजे धुमसती चूल झाली. थोरल्या बहिणीचं काम भावजयीकडे होतं. सुरुवातीला तिनं ते साधं केलं होतं. भांडण झाल्यावर तिनं त्यात ताई घातली. बोलण्याआधी घसा खाकरायची सवय, उत्तर आवडलं नाही की ओठ आत ओढून घेणं, चष्मा कपाळावर सरकवताना करंगळी वर उचलणं, सगळं हुबेहूब. बघणाऱ्यांना कुणाची नक्कल चाललीय ते एका मिनिटात कळायचं. ते विंगेकडे चोरून बघायचे आणि हसू दाबायचे. ताई पुस्तकावरून नजर उचलत नसे.

मास्तरचा सूड तिनं तिच्या हातातल्या एकाच हत्यारानं घेतला. तो नायिकेच्या भावाचं काम स्वतः करत होता. त्याच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला की ती थांबवायची. "'म्हणून' नाही, 'म्हणूनच'." "'आमच्या घरात' नाही, 'आमच्या घराला'." तू लिहिलेलं तू नीट म्हण, असं ती अगदी शांतपणे सांगायची. लेखकालाच त्याचे शब्द शिकवणारी प्रॉम्प्टर बघून बाकीचे मूग गिळून बसायचे. दोन आठवड्यांत मास्तर त्या प्रवेशात अडखळायला लागला. बाकीचं नाटक घडाघडा, आणि त्या प्रवेशाशी आला की त्याची नजर डाव्या विंगेकडे जायची.

घरीही तेच. भावजय जिन्यात दुकानातल्या कापलेल्या केसांचं पोतं ठेवायला लागली, ताईला ते ओलांडून जावं लागे. ताईनं वरच्या मजल्याचं टपाल आत घ्यायचं सोडून दिलं. पाकिटं पायरीवर भिजली तरी तिनं हात लावला नाही. मास्तरच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला, तेव्हा तो दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात गेला, आणि तो दुकानदार मुद्दाम ताईला येऊन सांगून गेला.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता होता. सभागृह भरलं. ताईच्या दुकानातली निम्मी गिऱ्हाईकं समोर होती. पडद्याच्या फटीतून तिला तिनंच दिलेल्या फ्रेमा ओळखू येत होत्या. पहिला प्रवेश रंगला. दुसऱ्या प्रवेशात टोकनाचा घोळ झाला तेव्हा टाळ्या पडल्या. तिसरा सुरू झाला. भावजय करंगळी वर करून चष्मा कपाळावर सरकवत आली आणि पहिल्याच रांगेतून हसणं उठलं. ते ओळखीचं हसणं होतं, कारण बघणाऱ्यांनी ताईला रोज तसं करताना पाहिलेलं होतं. बेकरीवाला फुलं घेऊन आत आला. हशा वाढला. मास्तरनं त्याला बसवलं, दोन वाक्यं म्हटली, आणि तो थांबला.

ताईनं त्याचा श्वास ऐकला. तो खरोखरच विसरला होता.

तिनं नेहमीसारखं हलक्या आवाजात पुरवलं, "साहेब, एक सांगू?" मास्तरला ऐकू गेलं नाही, किंवा तिच्याकडून घ्यायचं नाही असं त्यानं ठरवलं. तो विंगेकडे पाठ करून उभा राहिला आणि काहीतरी जुळवायला लागला. त त प प झालं. लोकांना तो विनोदच वाटला, ते आणखी हसले. ताईनं पुन्हा पुरवलं, जरा मोठ्यानं. तो हलला नाही. तेव्हा ती स्टुलावरून उतरली, विंगेच्या काठाशी येऊन उभी राहिली आणि भरल्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात तिनं त्याचं वाक्य म्हटलं.

"साहेब, एक सांगू? ताईला हे लग्न नकोय."

हशा खाली आला. मास्तरला ते वाक्य उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं ते विनोदी ढंगात म्हटलं. पण लोकांनी ते एकदा साधं ऐकलं होतं, दुसऱ्यांदा त्यातला विनोद चालेना.

ताईनं पुढचं वाक्य दिलं. "तिनं शब्द दिलाय, म्हणून तिला बोलता येत नाही." चढ नाही, उतार नाही, दुकानात चष्म्याचा नंबर वाचून दाखवावा तसा आवाज. मास्तर मागून म्हणाला. "ती रोज रडते. उशीत तोंड खुपसून." मास्तरनं तेही म्हटलं, पण आता त्याच्या आवाजातला ढंग गळून पडला होता. तो बहिणीमागून तिच्यासारखाच सपाट बोलत होता, जणू कुणी त्याच्याकडून जबानी वदवून घेतंय. सभागृहात खुर्ची हलल्याचाही आवाज येत नव्हता. मागे चष्मा शोधत हिंडणारी भावजय जागच्या जागी थांबली. तिनं कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला आणि आता काय करायचं ते तिला कळेना.

"मी हे बोललो, म्हणून तिला कळू देऊ नका," ताई म्हणाली.

मास्तरनं ते वाक्य म्हटलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला.

बेकरीवाला गोंधळला होता, पण तो जुना नट होता. आपली पाळी आली असं समजून तो उठला, फुलं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या घराचा एकुलता एक खांब काढून मी माझं घर बांधू शकत नाही." महिनाभर तो हे वाक्य गाल फुगवून म्हणत आला होता. त्या दिवशी त्यानं ते हळू म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर त्याला बाहेर कुठल्या बाजूनं जायचं तेच आठवेना. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग पडदा ओढला गेला.

ताई परत स्टुलावर जाऊन बसली. उरलेल्या तीन प्रवेशांत तिनं दोनदा नायिकेला आणि एकदा नायकाला शब्द पुरवले, इतके हलके की कुणाला कळलं नाही. शेवटी खिडकी उघडली, प्रेमिकांचं लग्न लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण निघताना ते एकमेकांशी कमी बोलत होते.

रंगपटात मास्तरनं तोंडाचा रंगही पुसला नव्हता. तो सगळ्यांसमोर तिच्या अंगावर धावून आल्यासारखा आला आणि म्हणाला, "तू माझं नाटक मारलंस."

"एकही शब्द पदरचा घातला नाही," ताई म्हणाली. "पुस्तक बघ."

भावजय म्हणाली की हा निव्वळ दुष्टपणा आहे, भावाला तोंडघशी पाडायला ही बाई महिनाभर टपून बसली होती. डॉक्टरांनी, मंडळाची शिस्त म्हणून काही असते, असं सुरू केलं. बेकरीवाला मध्येच म्हणाला, "थांबा जरा." तो ताईकडे वळला. त्यानं विचारलं, की हे असं खरंच कुणाशी झालं होतं का? ताईनं होय म्हणून मान हलवली. मग त्यानं मास्तरकडे बघितलं. मास्तर आरशाकडे तोंड करून रंग पुसायला लागला होता. बेकरीवाल्यानं पोटाला बांधलेली उशी सोडली आणि ती खुर्चीवर ठेवून तो निघून गेला.

त्यामुळे मंडळाचं मन पालटलं असं मात्र झालं नाही. डॉक्टरांनी ताईकडून संहिता मागून घेतली आणि पुढच्या प्रयोगाला येऊ नका, असं सांगितलं. बेकरीवाल्याच्या जागी टपाल खात्यातला एक जाडा माणूस उभा केला. नाटकाचे आणखी पाच प्रयोग झाले, तिसऱ्या प्रवेशाला लोक पुन्हा हसले, आणि ते हसणं कसं झालं ते सांगायला भावजय तिच्या दुकानात येणाऱ्या बायकांमार्फत रोज निरोप पाठवत होती. ताईची काही गिऱ्हाईकंही तुटली. घरचं भांडण चव्हाट्यावर आणणाऱ्या बाईकडून डोळे तपासून घ्यायला त्यांना संकोच वाटायला लागला.

महिनाभरानं पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा वाचायचा चष्मा करायला आला. काच घासून होईपर्यंत तो बसला होता. ताईनं त्याला पूलवाल्या साहेबांविषयी विचारलं, सहज विचारावं तसं. म्हाताऱ्याकडे सगळ्या निवृत्त लोकांची यादी होती, दुसऱ्या दिवशी त्यानं नंबर आणून दिला. तो चिठोरा दोन दिवस काउंटरवर काचेखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ताईनं फोन लावला.

त्यानंच उचलला. ताईनं आपण कोण ते सांगितलं. मग त्यानं, आई कशा आहेत, असं विचारलं. गेली, आठ वर्षं झाली, असं तिनं सांगितलं. त्याला दोन मुली होत्या, बायको शाळेत शिकवायची, गुडघे दुखतात म्हणाला. हे सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही रडता असं तुमच्या भावानं सांगितलं होतं. मला वाटलं, मी बाजूला झालो तर तुम्ही सुटाल."

"मी रडत नव्हते," ताई म्हणाली. "मी सामान बांधत होते."

ताईला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मला वाटायचं, तुम्हाला माझा राग आला असेल," तो शेवटी म्हणाला.

"आला होता. बावीस वर्षं होता. तेवढं सांगायलाच फोन केला. चुकीच्या माणसावर होता."

"आणि आता?"

"आता बरोबर माणसावर आहे."

तो भावाबद्दल काहीतरी मऊ बोलू पाहत होता, की पोर होता, सोडून द्या. ताईनं त्याला मध्येच थांबवलं. तुम्ही तेव्हाही दुसऱ्यांचंच ऐकून घेतलंत, असं ती म्हणाली. आता निदान माझं ऐका, मला सोडून द्यायचं नाहीये. मग तिनं त्याला गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगितलं आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात ती जागा बघायला गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. घराचा अर्धा हिस्सा तिचा होता आणि तो ती सोडणार नव्हती. खालच्या मजल्याला कुलूप घालून किल्ली स्वतःजवळ ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं. वरच्यांनी रोज त्या कुलपासमोरून जिना चढावा. मालकीणबाईंनी माणसं किती विचारलं. एकटी, ताई म्हणाली. एकट्या माणसाला दोन खोल्या जास्त होतील, असं बाई पुटपुटल्या.

"होऊ देत," ताई म्हणाली आणि खिडकी उघडते का ते बघायला आत गेली. खिडकी रंगानं चिकटून बसली होती. तिनं पर्समधला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि चौकटीच्या कडेनं तो रंग खरवडायला लागली.